पाठीवरचं कलम

२४ नोव्हेंबर १९४६, रविवार. सालेकसा

"बिडी वळणाऱ्या बायांनो! सूप मांडीवर घेऊन दिवसभर तुम्ही हजार बिड्या वळता. संध्याकाळी सट्टेदार त्यातल्या शंभर बाजूला काढतो आणि म्हणतो, ह्या छाट. वाईट. यांची मजुरी नाही. ठीक! वाईट आहेत तर फेकून दे. फेकतो का? नाही. पोत्यात भरतो. आणि गोंदियाच्या बाजारात तीच वाईट बिडी चांगली म्हणून विकली जाते. मला सांगा, सालेकसाहून गोंदियापर्यंत आगगाडीत बसलं की बिडी सुधारते का?"

हशा. मग शांतता. मला ती शांतताच हवी होती — हसून झालं की माणूस विचार करायला लागतो.

तीनशेच्या वर बाया होत्या. धानकापणी चालू, तरी आल्या. आंब्याखाली पोवारांच्या एकीकडे, गोंडांच्या दुसरीकडे बसल्या. मी म्हणालो, बसा हवं तिथे, पण छाटीच्या पोत्यात तुमच्या बिड्या एकमेकींना खेटूनच बसतात. पुन्हा हशा. दोन-चार जणी सरकल्यासुद्धा.

दीड तास बोललो. घसा गेला. जगातल्या गिरण्या, खाणी, गोद्या, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, तुमची मागणी काय? मग पुढच्या रांगेतली एक उठली. फुलवंता तिचं नाव, जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवरची. म्हणाली, "छाट गेली तं गेली, मास्तर. पन तिथंच मोडून टाका म्हना. आमच्या डोयासमोर. मंग पाहू किती बिड्या वाईट निंगतात."

माझा दीड तास, आणि तिचं हे एक वाक्य! मागणी सापडली. मोडलेली बिडी कोणी विकू शकत नाही. विकता येत नसेल तर छाट काढण्यात कोणाला रस?

२७ नोव्हेंबर

बिडी कारखान्याचे मालक शेठ चुन्नीलाल यांच्याकडून निरोप — पाच तारखेला, गुरुवारी या. म्हणजे सालेकसाची बातमी गोंदियाला माझ्याआधी पोचली होती.

५ डिसेंबर, गुरुवार. फुलचूर

दुपारभर गोंदियाला शेठच्या गादीवर. शेठ, त्यांचे मुनीम मनिराम, आणि बिडी मजूर सभेचा चिटणीस म्हणून मी. बेचाळीस साली शाळेच्या नोकरीतून काढलं तेव्हापासून लोकांच्या तोंडी 'मास्तर' ही हाक तेवढी उरली आहे. शेठही 'मास्तरजी' म्हणतात, पण त्यांच्या तोंडी ते चिमटा काढल्यासारखं वाटतं.

म्हणाले, "मास्तरजी, युनियन मतलब झगडा।"

मी म्हटलं, झगडा युनियनच्या आधीपासून आहे. तो कुठून येणार हे तुम्हाला कळत नव्हतं, एवढंच. एक दिवस पानं कमी भरतात, एक दिवस निम्म्या बाया दुसऱ्या मालकाच्या कोठीवर जातात, एक दिवस सट्टेदाराच्या अंगणात दगड पडतो. तीनशे जणींच्या मनातलं तुम्ही कसं ओळखणार? युनियन म्हणजे त्या तीनशे जणींचं एक तोंड. त्याच्याशी बोलता येतं, भांडता येतं, आणि ठरलेलं मोडलं तर त्याच तोंडाला जाबही विचारता येतो. अन् करार? करार म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला धुरा, मातीचा बांध. तुमचं पाणी तुमच्याकडे, त्यांचं त्यांच्याकडे. धुरा फुटला तर दोघांचंही धान वाहून जातं.

शेठनी पान लावलं. म्हणाले, "बोलते अच्छा हो।"

सात कलमं ठरली. पहिलं फुलवंताचं — छाट मजुराच्या डोळ्यांसमोर मोडायची. मग छाटणीच्या वेळी मजुरांतली एक बाई शेजारी बसणार, पानं भिजवायला स्वच्छ पाणी, पावसाळ्यात छप्पर, असं करत सातवं — सट्टेदारानं शिवी द्यायची नाही. याच्यावर शेठ हसले. म्हणाले, भैय्यालाल शिवी देणार नाही तर बोलणार काय? भैय्यालाल हा त्यांचा सालेकसाचा सट्टेदार, म्हणजे पानं-तंबाखू देऊन बिड्या मोजून घेणारा ठेकेदार. पण कबूल केलं.

मी पायात चपला सरकवत होतो तेव्हा शेठ म्हणाले, काम बंद करायचं असेल तर चौदा दिवस आधी लिहून कळवा, आम्हीही केंद्र बंद करायचं तर तसंच कळवू, मोडेल त्यानं भरपाई द्यायची. मी 'ठीक आहे' म्हटलं नि निघालो. डोक्यात पंधरा तारखेच्या सभेचं भाषण जुळत होतं. सुरुवात छान सुचली आहे.

१५ डिसेंबर, रविवार. सालेकसा

असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता!

मनिराम मुनीम सकाळच्या गाडीनं पक्का कागद घेऊन आले. शेठची सही झालेली होती. कागद हातात पडला तेव्हा बाया जमलेल्या, घोषणा चालू. तसाच झाडाखालच्या ओट्यावर चढलो. म्हटलं, हा करार मी तुम्हाला वाचून दाखवणार. वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. आजवर तुमचे अंगठे फार फसले आहेत.

दोन्ही हातांनी कागद तोंडासमोर धरला आणि एकेक कलम वाचलं. आधी कागदी भाषेत, मग त्यांच्या बोलीत. पहिलं झाल्यावर पाहतो तर पुढच्या रांगेतल्या बायांनी कमरेची बिडीच्या दोऱ्याची गुंडी काढून दोऱ्याला गाठ मारली. मी विचारलं, हे काय? फुलवंता म्हणाली, "तुमचं कागदावर रायते, आमचं दोऱ्यावर." कोण कधी येणार, बाळंतपणाला किती दिवस राहिले, सगळं ह्या बाया गाठींवरच ठेवतात म्हणे. मागच्यांनीही दोरे काढले. मग दर कलमाला मी थांबायचो, तीनशे गाठी बसायच्या, मी पुढे वाचायचो. मोठमोठ्या सभा पाहिल्या, असं ऐकणं पाहिलं नाही.

सातवं वाचलं — शिवी द्यायची नाही. अशी टाळी पडली की आंब्यावरचे पोपट उडाले! एक म्हातारी उठून नाचायला लागली. मी कागदाची घडी घातली आणि बोलायला सुरुवात केली. काय बोललो ते आता आठवत नाही. पण बोललो!

मग मुनिमांनी टिनाच्या पेटीवर कागद उलगडून सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली, पाच बायांनी अंगठे दिले. मुनीम काहीतरी सांगत होते, घोषणांत ऐकू आलं नाही. नक्कल दोन दिवसांत पाठवतो, एवढं कानावर आलं.

१६ डिसेंबर

सुशिलाबाईंना सगळं सांगितलं. त्या भात वाढत म्हणाल्या, "नक्कल घेतली का?" म्हटलं, येईल. म्हणाल्या, "टायी वाजली का तुमाले पुढचं दिसत नाई."

लग्नाला एकवीस वर्षं झाली. माझं एकही भाषण या बाईनं पूर्ण ऐकलेलं नाही.

३० डिसेंबर

भैय्यालालनं काल पहिल्यांदा छाट डोळ्यांसमोर मोडली. महिन्यापूर्वी हजारात शंभर निघायची, काल वीससुद्धा नाही. त्याच बाया, तीच पानं, तोच तंबाखू. फुलवंता म्हणते, सट्टेदाराच्या डोळ्यात औषध पडलं.

नक्कल आलेली नाही. मागायला जायचं राहून जातं.

२२ जानेवारी १९४७

सालेकसाहून माणूस आला. काल काम बंद पडलं.

झालं असं. भैय्यालालनं अनुसयाबाईची छाट काढली आणि न मोडता सरळ पोत्यात टाकली. अनुसयाबाई म्हणजे पोवारांच्यातली पोक्त विधवा, कधी कोणाला उलटून न बोलणारी. तिनं पोत्याचं तोंड धरलं. म्हणाली, मोडा. तो म्हणाला, सोड. ती म्हणाली, मोडा, कागदावर आहे. त्यानं हिसका दिला, ती पडली, आणि त्याच्या तोंडून सातव्या कलमातली शिवी निघाली. साऱ्या बाया उठल्या. कात्र्या सुपात टाकल्या, सुपं पालथी घातली आणि घरी निघून गेल्या. एकही आज परत आली नाही.

मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. करार त्यानं मोडला!

२३ जानेवारी, गुरुवार

शेठचं पत्र आलं आणि सोबत नक्कल. आज! महिन्याभरानं!

'मजुरांनी चौदा दिवसांची लेखी सूचना न देता काम बंद केले. सबब कलम आठ अन्वये कलम एक रद्द झाले आहे.'

कलम आठ? कसलं कलम आठ? नक्कल वाचली. सात कलमं आहेत आणि खाली आठवं — काम अगर केंद्र बंद करण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी चौदा दिवसांची लेखी सूचना द्यावी. मजुरांनी हे मोडल्यास कलम एक रद्द. शेठनी मोडल्यास कामाविना गेलेल्या दिवसांची मजुरी द्यावी.

तसाच पायी गोंदियाला गेलो. अस्सल कागद दाखवा म्हटलं. मनिराम मुनिमांनी काढून दाखवला. पुढच्या बाजूला सात कलमं, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे. आणि आठवं — पाठीवर! सह्या पुढे, कलम मागे! मुनिमांना म्हटलं, हे सहीनंतर घातलं तुम्ही. ते म्हणाले, नाही जी, तेव्हाच होतं. मी म्हटलं, मग मला दिसलं कसं नाही? त्यांनी कागद परत पेटीत ठेवला.

पहिलं कलम रद्द म्हणजे सगळंच रद्द. बाकीची सहा नुसती पानं आहेत, झाड ते एकच.

२४ जानेवारी

सालेकसा. फुलवंताचा दोरा पाहिला. सात गाठी. अनुसयाबाईचा — सात. शेजारच्या चमेलीचा — सात. टोल्यावर घरोघर फिरलो. कोणी दोरा खुंटीला टांगला आहे, कोणी देवाजवळ ठेवला आहे, कोणी लुगड्याच्या पदरात बांधला आहे. सगळीकडे सातच!

कागद खोटं बोलू शकतो. तीनशे दोरे कसे बोलतील?

२६ जानेवारी, रविवार

आजचं भाषण पुष्कळ दिवस लोकांच्या लक्षात राहील. म्हटलं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा पुरावा दोऱ्यात आहे, आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी चोरी केली. मनिराम मुनिमांचं नाव घेतलं. ज्या हातानं तीस वर्षं गरिबांच्या पोटावर रेघा मारल्या त्याच हातानं हे कलम घुसवलं, असं म्हणालो. शेवटी म्हटलं, दोरे वर करा! तीनशे हात वर गेले.

पुढच्या रांगेतून टाळी मात्र कमी आली. काम नाही, घरात धान्य नाही. अंगात ताकद नसेल.

२ फेब्रुवारी

मनिराम मुनीम घरी आले होते. ओट्यावरच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. शेठनी त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं आहे. चौकशी होईपर्यंत. बाजारात लोक त्यांना पाहून दोऱ्याला गाठ मारल्याची खूण करतात.

म्हणाले, "मास्तर, शेठनं सांगतलं ते मी लिवलं. पन तुमी पायलं नाई म्हून का मी तेव्हा लिवलंच नाई?"

मी बरंच काही बोललो. ते सगळं ऐकून घेतलं आणि गेले. काठी विसरले. सुशिलाबाई ती घेऊन त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेल्या.

९ फेब्रुवारी

वीस दिवस झाले. दुसऱ्या कोठीचा माणूस टोल्यावर फिरतो आहे, आमच्याकडे या म्हणून. छाट मोडणार का विचारलं तर हसतो. एकही गेली नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नागपूरहून लेबर ऑफिसर आले. तरुण आहेत, चष्मा, कमी बोलतात. पहिली बैठक डाकबंगल्यावर झाली.

मी तीनशे बारा दोरे टेबलावर ठेवले. साहेबांनी दहा-बारा स्वतः मोजले. मग एकेका बाईला विचारलं, तुझ्यासमोर किती कलमं वाचली? सात. सात. सात. फुलवंताला विचारलं, आठवं वाचलं का? ती म्हणाली, "नाई वाचलं." इतकंच. बाकी जणी जे विचारलं त्याच्याहून दोन शब्द जास्त बोलल्या. ही एकच तशी नव्हती.

साहेब शेठना म्हणाले, हे सहीनंतर घातलं असं सिद्ध झालं तर प्रकरण पोलिसांत जाईल. शेठनी मनिरामकडे बोट दाखवलं — लिहिलं यांनी. तीस वर्षांचा मुनीम एका बोटानं झटकून टाकला!

आम्ही जिंकतो आहोत. मला तारखांसकट लेखी निवेदन द्यायला सांगितलं आहे. पुढची बैठक २० तारखेला.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपार

निवेदनासाठी तारखा हव्या होत्या म्हणून ही वही काढली.

५ डिसेंबर. 'मी पायात चपला सरकवत होतो तेव्हा शेठ म्हणाले…'

तीनदा वाचलं. माझं अक्षर. माझी शाई. 'मी ठीक आहे म्हटलं नि निघालो.'

मग १५ डिसेंबर. 'मी कागदाची घडी घातली आणि बोलायला सुरुवात केली.'

कागद उलटून पाहिल्याचं कुठेच नाही. सहीच्या आधी पूर्ण वाचला, असंही कुठे नाही. 'मुनीम काहीतरी सांगत होते, घोषणांत ऐकू आलं नाही.' ते काय सांगत होते, हे आता मला माहीत आहे.

वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही — हे मीच ओट्यावर उभं राहून सांगितलं आणि न वाचता सही केली, तीही पहिली! अन् त्या पाच जणींनी माझ्या सहीवर भरवसा ठेवून अंगठे दिले.

१७ फेब्रुवारी

निवेदन लिहायला बसलो. तारीख घातली. पुढे काही नाही.

१८ फेब्रुवारी

दोन दिवस स्वतःशी वाद घालतो आहे. चांगला वक्ता आहे मी, दोन्ही बाजू मांडता येतात.

एक बाजू म्हणते, गप्प बस. वही तुझी, खोली तुझी. तू बोललास तर पहिलं कलम जाईल, पोत्यात छाट पुन्हा भरली जाईल, महिनाभर उपाशी राहिलेल्या बायांना तू काय सांगणार — की माझ्या टाळीपायी? आणि भैय्यालालनं आधी मोडलं हे खरंच आहे ना? आणि मनिराम तरी कुठला संत?

ही बाजू फार छान बोलते. तिच्यावर टाळ्या पडतील.

दुसऱ्या बाजूकडे एकच वाक्य आहे. ते मनिरामचं आहे. 'तुमी पायलं नाई म्हून का मी तेव्हा लिवलंच नाई?'

आणि उद्या शेठनं खरोखर कागदात काही घुसवलं तर? तेव्हा हेच दोरे घेऊन मी गेलो तर कोण विश्वास ठेवेल? खोट्यावर उभा राहिलेला खरा करार पहिल्याच पावसात खचेल.

सुशिलाबाईंना सांगितलं. वाटलं होतं रडतील, निदान रागावतील. म्हणाल्या, "मी नक्कल काऊन इचारली होती?" मग थोड्या वेळानं — "बोलतच असाल तं थोडकं बोला."

२० फेब्रुवारी, गुरुवार

थोडकं बोललो.

ही वही साहेबांपुढे ठेवली, दोन पानं उघडून दिली. म्हणालो, आठवं कलम सहीच्या आधी होतं. मी पाहिलं नाही, वाचलं नाही. चोरीचा आरोप खोटा आहे आणि तो मी केला. मनिराम मुनिमांची मी सर्वांसमोर माफी मागतो.

तीनशे बायांतून पाच जणी खोलीत होत्या. त्यांच्याकडे पाहवलं नाही.

पहिले बोलले मनिराम. म्हणाले, कागद वाचवायला म्हणून पाठीवर लिहिलं, सह्यांची जागा आधीच आखून बसलो होतो, ती माझी चूक. माणूस नोकरी गमावून बसला होता आणि अर्धी चूक स्वतःकडे घेत होता!

शेठ म्हणाले, "तो मास्तरजी, पहला कलम गया।"

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, थांबा. शेठना विचारलं, आठवं कलम तुम्ही चिटणिसांना सांगितलं, ज्यांनी पाळायचं त्यांना कोणी सांगितलं? शेठ म्हणाले, वह काम युनियन का है। साहेब म्हणाले, अंगठे युनियनचे नाहीत, त्या बायांचे आहेत. तुम्ही त्यांच्याशी करार केलात. त्यांनी ऐकलं की नाही हे पाहण्याची गरज तुम्हाला पाच आठवड्यांत एकदाही वाटली नाही. आणि मोडल्यावर मात्र त्यांच्याच अंगठ्यावर बोट ठेवलंत.

मग माझ्याकडे वळले, आणि माझंही सोडलं नाही. ते इथे लिहीत नाही. लक्षात आहे.

निकाल असा — २ मार्चला सालेकसाला सर्वांसमोर कागद पूर्ण वाचायचा. आठही कलमं पटली तर दोन्ही बाजूंनी नव्यानं सह्या, आणि मागचं मोडणं दोघांचंही माफ. एकाही बाजूनं नकार दिला तर अख्खा कागद रद्द. शेठ तेवढ्यावरच कबूल झाले. त्यांच्याकडेही महिनाभर माल नाही.

बाहेर आल्यावर पाच जणी स्टेशनकडे गेल्या. फुलवंतानं एकदा मागं वळून पाहिलं.

२३ फेब्रुवारी

चिटणीसपदाचा राजीनामा लिहिला. सुशिलाबाईंनी वाचला, पाटाखाली ठेवला. "दोन तारखेपत्तर राहू द्या."

१ मार्च, शनिवार. सालेकसा

उद्या वाचन. आजच आलो, माफी मागायला. आंब्याखाली तीस-चाळीस जणी होत्या. मी म्हणालो, मी तुम्हाला फसवलं. आठवं कलम होतं. मला माहीत नव्हतं.

फुलवंता म्हणाली, "आमाले मालूम होतं."

मी म्हटलं, काय?

"तुमी कागद तोंडासमोर धरला होता, मास्तर. पाठ आमच्याकडं होती. पाठीवर चार ओयी होत्या. वाचता येत नाई म्हून का दिसत बी नाई?"

पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. मी घडी घातली तेव्हा त्यांनी आठव्या गाठीसाठी दोरा धरून ठेवला होता. मी वाचलं नाही. त्यांना वाटलं, मास्तर शिकलेला माणूस, जाणूनच सोडलं असेल, आमच्या भल्यासाठी. आणि मनिरामला चोर म्हणालो तेव्हा? अनुसयाबाई म्हणाली, "वाटलं, डाव टाकून राहिले. म्हून चूप रायलो. पन मनाले बरं नाई वाटलं जी." डाकबंगल्यावर साहेबांनी विचारलं तेव्हा फुलवंता दोनच शब्द का बोलली, तेही कळलं. माझ्यासाठी, पण खोटं न बोलता.

म्हणजे इतके दिवस त्या मला खोटारडा समजत होत्या — आणि तरीही दोरे वर धरत होत्या.

उद्या भाषण नाही. ओट्यावर शेठना चढवायचं, कागद त्यांच्या हातात द्यायचा आणि एवढंच म्हणायचं: शेठजी, करार तुमचा आहे, तर तुमच्या तोंडानं वाचा. आणि आधी कागद उलटा करा. पाठीपासून वाचा.